२५ डिसेंबर, मिथ्रस आणि पैठणला आलेले संत थॉमस: मूळ ग्रंथ कसा तपासायचा?

तेरणाकाठ (धाराशिव)
नमस्कार मंडळी. नाताळ जवळ आला की दोन मेसेज हमखास फिरतात. पहिला: २५ डिसेंबर ही रोमन काळात पुजल्या जाणाऱ्या मिथ्रस देवाची जन्मतारीख, ख्रिस्ती लोकांनी उचलली, ‘इ.स. ३५४च्या रोमन पंचांगात लिहिलंय’. दुसरा: येशूचे शिष्य थॉमस तेर-पैठणला येऊन गेले, ‘पेरिप्लसमध्ये उल्लेख आहे’. ग्रंथाचं नाव दिलेलं असतं, कलमाचा पत्ता नसतो. ग्रीक-लॅटिन न येणाऱ्यानं पडताळायचं कसं?

शिलालेख_वाचक
दुसरा दावा सोपा, तो आधी उरकू. पेरिप्लस म्हणजे पहिल्या शतकातलं, व्यापाऱ्यांच्या उपयोगाचं छोटं ग्रीक पुस्तक. कलमं ६६. शॉफचं १९१२चं इंग्रजी भाषांतर आर्काइव्ह डॉट ऑर्गवर फुकट मिळतं. त्यात ‘तेर’ शोधाल तर हाती काही लागणार नाही. ‘तगर’ (तेरचं जुनं नाव) शोधा, कलम ५१. भडोचच्या दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणहून अकीक, तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाते. बस. थॉमसचा पत्ताच नाही.

थॉमसची कथा येते ‘अ‍ॅक्ट्स ऑफ थॉमस’मध्ये, हा तिसऱ्या शतकातला सिरियाक (पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) ग्रंथ. त्यातला वायव्य भारतातला राजा गुंदफर खरा होऊन गेला. त्याची नाणी आहेत, तख्त-ए-बाहीचा शिलालेख आहे. पण राजा खरा म्हणून पाहुणा आलाच, असं होत नाही. थॉमस जहाजातून उतरतो त्या गावाला ग्रीक प्रतीत ‘आंद्रापोलिस’ म्हटलंय. त्यावरून आंध्र, मग सातवाहन, मग पैठण अशी ओढाताण करता येते खरी, पण सिरियाक प्रतीत त्याच गावाचं नाव ‘संदरूक’ आहे. शिवाय पैठणला जहाज लावायला समुद्र कुठून आणायचा?

जुनी_पोथी (संभाजीनगर)
आता पंचांग. ३५४चा ग्रंथ एकसंध नाही, वेगवेगळ्या याद्यांचं बाड आहे. टर्टुलियन डॉट ऑर्गवर ते भागवार मिळतं. सहावा भाग उघडा, डिसेंबर काढा. २५ तारखेसमोर ‘एन इन्विक्टी सीएम ३०’ एवढंच आहे: अजिंक्याचा जन्मदिन, रथांच्या ३० शर्यती. मिथ्रसचं नाव नाही. घोळ होतो तो यामुळे की ‘अजिंक्य सूर्य’ ही पदवी मिथ्रसच्या शिलालेखांतही येते. पण सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये रोमला सूर्यदेवाचं सरकारी देऊळ उभं केलं, तो पंथ वेगळा.

त्याच बाडात हुतात्म्यांच्या यादीचं पान आहे, ते मेसेजवाले कधी देत नाहीत. तिथली सुरुवातीचीच नोंद: ‘जानेवारीच्या कॅलेंड्सआधी ८वा दिवस, यहूदियातल्या बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म’. कॅलेंड्स म्हणजे महिन्याची पहिली तारीख. मोजताना १ जानेवारी धरून मागे जायचं, नाहीतर २४ तारीख येते. ही चूक फार होते. यादी ३३६च्या सुमाराची मानतात. मूळ ग्रंथ मात्र हरवलाय, हाती आहेत त्या बऱ्याच नंतरच्या नकला.

तेरणाकाठ (धाराशिव)
म्हणजे कुणी कुणाची तारीख घेतली, हे या पानांवरून ठरत नाही?

शिलालेख_वाचक
नाही ठरत. ‘सूर्याच्या सणामुळे धर्मगुरूंनी तारीख ६ जानेवारीवरून हलवली’ हे वाक्य बार सालिबी या सिरियाक बिशपच्या नावावर खपवतात. बार सालिबी वारले ११७१ मध्ये, आणि ते वाक्य त्यांचंही नाही. हस्तलिखिताच्या समासात दुसऱ्याच कुणी लिहिलेली टीप आहे. चौथ्या शतकातल्या घटनेला साक्षीदार इतका उशिरा आलेला चालत नाही.

जुनी_पोथी (संभाजीनगर)
विरुद्ध बाजूलाही तीच फुटपट्टी लावा. हिप्पोलिटस या जुन्या ख्रिस्ती लेखकाच्या दानिएल-भाष्यात (बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकावरची टीका, ४.२३) २५ डिसेंबर आहे, म्हणून तारीख तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचीच, असं ठोकून सांगतात. पण तिथे पाठभेद आहेत, एका प्रतीत २ एप्रिलही येतो. छापील भाषांतरात ते दिसत नाही. त्यासाठी चिकित्सक आवृत्तीतल्या तळटीपा बघाव्या लागतात.

आणि आपल्याकडचा जुना ख्रिस्ती उल्लेखच हवा असेल तर सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी-लेखक कॉसमस घ्या, ग्रंथ ३. ‘कल्लियाना’ला इराणहून नेमलेला बिशप आहे असं तो लिहितो, ते गाव म्हणजे कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मॅक्रिंडलचं १८९७चं भाषांतर बघा.