लेहमध्ये दोघंच, पाठीवर सॅक घेऊन: तुमचे अनुभव लिहा

सहल कंपनीबरोबर लेहला गेलेल्यांची वर्णनं भरपूर वाचायला मिळतात. दोघांनीच जायचं, खोली तिथं पोचल्यावर शोधायची, फिरायला शेअर टॅक्सी नाहीतर बस, असं करणाऱ्यांचं लिखाण मात्र फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा. ठिकाणांची यादी नको. ३५०० मीटर उंचीवर तुमचं दोघांचं कसं जमलं, आधी काय ठरवलं होतं आणि तिथं काय बदलावं लागलं, ते लिहा.

सुरुवात मी करते. नवरा नेमाने पळणारा, माझा व्यायाम म्हणजे रोजचं चालणं. विमानाने उतरलो आणि संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं ठणकायला लागलं, जेवणावरची वासना गेली. मला काहीच झालं नाही. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. ही कमतरता कोणाला बाधेल हे दमसासावरून ठरत नाही. हे दोघांनी वाचलं होतं, पण कमावलेल्या शरीराच्या माणसाला ते स्वीकारणं जड जातं. "बाजारात तरी जाऊन येऊ," असं त्याचं सारखं चालू होतं. निघण्याआधी आमचं एकच ठरलं होतं: ज्याला जास्त त्रास, त्याच्या वेगाने दोघंही. तो शब्द मी धरून ठेवला. लेहच्या चांगस्पा भागातल्या गेस्टहाउसच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली आम्ही लोळत पडलो आणि डोकं पूर्ण उतरल्यावरच बाहेर पडलो. ते पडून राहणं मला सहलीतलाच भाग वाटलं.

*

आम्ही श्रीनगरहून रस्त्याने गेलो. वाटेत झोजी ला ही खिंड ओलांडून मुक्काम कारगिलला, साधारण २७०० मीटरवर. शरीराला एक पायरी मिळते. मनालीचा रस्ता सुंदर आहे, पण त्यात ५३०० मीटरच्या आसपासचा तांगलांग ला येतो आणि रात्रीचे मुक्कामही लेहपेक्षा उंचावर पडू शकतात. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडीने श्रीनगरकडून चढावं आणि परतताना मनालीकडे उतरावं, असं माझं ठाम मत आहे.

*

आम्ही दोघंही साठीच्या पुढचे. मुलांना काळजी होती, त्यामुळे आधी डॉक्टरांकडे गेलो. ह्यांना त्यांनी डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी लिहून दिली. मला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून मला गोळी न देता जास्त दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. गोळीने ह्यांच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या आणि लघवीला वारंवार जावं लागायचं. दोन्ही परिणाम डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, त्यामुळे घाबरायला झालं नाही.

घाबरले ती रात्री. मला झोप लागत नव्हती. शेजारी ह्यांचा श्वास मोठा मोठा होत गेला, मग हळूहळू लहान झाला आणि थांबला. मी हात लावणार तेवढ्यात एक खोल उसासा आणि पुन्हा तेच सुरू. ज्याचं चालू असतं त्याला पत्ताही नसतो, ऐकणाऱ्याचा जीव मात्र टांगणीला लागतो. सकाळी दोघं सरकारी रुग्णालयात जाऊन आलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उंचीवर झोपेत असा श्वास पुष्कळांचा होतो. जोराच्या श्वासाने रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो, मग मेंदू क्षणभर श्वासाचा इशाराच देत नाही. जागेपणी धाप नसेल, खोकला नसेल, तर काळजीचं कारण नाही. हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण माहितीपत्रकांत डोकेदुखी असते, पण शेजारी जागं राहणाऱ्याची ही रात्र नसते.

*

खर्चाकडे बघून फिरणाऱ्यांसाठी थोडक्यात. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांचं असू द्या. नुब्रा खोरं आणि पँगाँग तलावासाठी परवाने लागतात का ते आधी तपासा, लागत असतील तर काढून ठेवा आणि झेरॉक्स जवळ बाळगा. शेअर टॅक्सीत जागा मिळवायची तर आदल्या दिवशी स्टँडवर चौकशी करावी. पाण्याची बाटली विकत घेण्यापेक्षा शहरात पुन्हा भरून मिळते तिथं भरा. गावाकडच्या घरांत कोरडा संडास असतो, वापरल्यावर वरून माती टाकायची. पाणी तिथं हिमनद्यांमधून उतरतं, रोज दोन बादल्या आंघोळीला मागू नयेत.

*

लग्नानंतरचा पहिलाच मोठा प्रवास. आमचं भांडण झालं ते पँगाँगवरून. तिला तिथं रात्र काढायची होती, आणि माझं डोकं अजून जड होतं. एरवी सहज सुटली असती अशी गोष्ट वाढत गेली, रडारड झाली. गेस्टहाउसच्या आमालेंनी, म्हणजे घरच्या आईंनी, दोघांना स्वयंपाकघरात बसवलं, खंबीर (लडाखी रोटी) आणि चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, वर आलेली माणसं पहिले काही दिवस चिडतातच. खरंच आहे ते. झोप अपुरी, ऑक्सिजन कमी, त्यामुळे चिडचिड हेही उंचीचंच एक लक्षण आहे. आम्ही तेव्हापासून संध्याकाळी काही ठरवणं बंद केलं, सकाळी चहा झाल्यावरच बेत.

बेतही बदलला. खारदुंग ला ५३५९ मीटरवर आहे, पण तिथं न रेंगाळता पलीकडे उतरलं की नुब्रातलं हुंदर लेहपेक्षा खाली आहे, झोप छान लागते. पँगाँग ४२०० मीटरच्या वर. त्यामुळे नुब्रा आधी, पँगाँग शेवटी. तिची तळ्याकाठची रात्र झाली आणि मलाही ती जागं राहून बघता आली.

*

वरच्या अनुभवांना धरून, मी परिचारिका आहे म्हणून लिहिते. डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं यावर उपाय म्हणजे आणखी वर न जाणं आणि आराम. पण बसल्या जागी धाप, वाढता खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणं. तोल जाणं, बरळणं, गुंगी ही मेंदूला सूज आल्याची. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन, डॉक्टर आणि लवकरात लवकर खाली उतरणं. शंका आली तर टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. पाय भरकटले तर निघा.

ज्याच्या मेंदूवर परिणाम झालाय तो "मी ठीक आहे" असंच म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर विसंबू नका. दोघं असण्याचा मोठा आधार हाच, की निर्णय दुसऱ्याने घ्यायचा. लेहला निघण्याआधी एकमेकांना ही परवानगी देऊन ठेवा: मी नाही म्हणत असले तरी तू मला खाली ने.

*

आमचं उलट झालं, तेही नोंदवतो. बायको लडाखच्या शाम भागातल्या वाटेने लिकिरहून तेमिसगामपर्यंत चालायला गेली, ओळखीच्या गटाबरोबर. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी लेहमध्येच थांबलो. आधी चुकल्यासारखं झालं, मग शहर उलगडत गेलं. मेन बाजारच्या कडेला भाजी घेऊन बसलेल्या बायका, जुन्या वस्तीतले मातीचे बोळ, राजा सेंगे नामग्यालने सतराव्या शतकात उभारलेला नऊ मजली राजवाडा. त्याच्या गच्चीवरून समोरची स्तोकची रांग बघत दुपारी बसायचो. शांती स्तूपाच्या पायऱ्या मात्र ती परत आल्यावरच चढलो, तिच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. जोडीने गेलात तरी एखादा दिवस वेगवेगळा काढून बघा. संध्याकाळी दोघांकडेही सांगायला काहीतरी असतं.