कोलेस्टेरॉल नॉर्मल, पण ट्रायग्लिसराइड?
भाऊ, तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाचं एकूण कोलेस्टेरॉल १६५ आलं म्हणून वर कुणीतरी 'काळजी नको, अंगानं बाळसेदार आहे' असं लिहिलंय. मला ते पटत नाही. तुम्हीच दिलेल्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १४८ आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६ आहे. लॅब ट्रायग्लिसराइडची १५० ही मर्यादा छापते ती मोठ्यांची. दहा वर्षांपुढच्या मुलांत १३० च्या वर जास्तच धरतात, आणि एचडीएल ४० च्या खाली कमी. लठ्ठ मुलांत नेमकी हीच जोडी दिसते, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बहुतेकदा ठीकठाक असतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की यकृत जादा साखरेची चरबी करून रक्तात सोडतं.

रक्त उपाशीपोटी दिलं होतं का? नसेल तर तसं पुन्हा तपासा. मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसतो का तेही बघा (शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण), आणि जळगावात बालरोगतज्ज्ञांना साखर व यकृताच्या तपासणीबद्दल विचारा.

कळण्याची भाकरी, भरीत बंद करू नका हो! केळीही बंद नकोत. आधी थंड पेयं, बिस्किटं आणि रोजची शेव थांबवा. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र मनानं अजिबात नकोत.