प्रति: बोट ठेवलेलं वचन आणि बंगळूरची ऑफर

ताई, तुम्ही लिहिलंय की डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं, बोट 'ऊठ, जा' वर पडलं, म्हणून पुणं सोडून बंगळूरची नोकरी घ्यायची. वरच्या प्रतिक्रियेत एका दादांनी त्याला गिदोनाच्या लोकरीचा (लोकर ओली की कोरडी यावरून देवाकडे खूण मागण्याचा) दाखलाही जोडला. मला नाही पटत. बायबलमधल्या 'शास्ते' पुस्तकाचा 6वा अध्याय सलग वाचा. काय करायचं ते देवाने गिदोनाला आधीच सांगितलं होतं. लोकर ठेवली ती खात्री पटेना म्हणून, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच रागावू नकोस म्हणून विनवतो.

यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, खरंय. पण पेंटेकॉस्टनंतर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्यानंतर, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पुन्हा चिठ्ठ्या दिसत नाहीत. 15व्या अध्यायात तर यरुशलेमेत चांगली वादावादी होते आणि मगच 'पवित्र आत्म्याला व आम्हाला' योग्य वाटलं असं पत्र जातं. त्या 'आम्हाला'कडे आपण काणाडोळा करतो.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचंच बघा. आईवडील दुष्काळात गमावलेल्या बाईने 1896च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आसऱ्याला आणल्या. तिथे देवाची हाक आणि भोगलेलं आयुष्य वेगळं कसं काढणार?

बाबांचं डायलिसिस तुम्ही एका ओळीत उरकलंय. प्रार्थनेत तेच आधी मांडा. भावाशी बोलणं झालं का? चर्चच्या पाळकांकडे जाताना ऑफर लेटर सोबत न्या, नाहीतर 'प्रार्थना करा' म्हणून ते मोकळे होतील (आमचे तरी होतात). आणि एचआरकडे उत्तराला आठवडाभर मुदत मागा, बहुतेक देतात.