मदत हवी आहे: घरच्या बिटकॉइन नोडवर कोअर ३० घ्यावं की नॉट्सकडे वळावं?

नमस्कार मंडळी,

घरी जुन्या डेस्कटॉपला दोन टीबीची एसएसडी लावून बिटकॉइनचा फुल नोड (साखळीतले, म्हणजे ब्लॉकचेनमधले, सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक) चालवतो. माइनिंग नाही, ट्रेडिंग नाही. आपले व्यवहार आपल्याला तपासता यावेत एवढीच हौस. सध्या कोअर (बहुतेक नोडवर चालणारं सॉफ्टवेअर), आवृत्ती २९ आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ३० आली, पण त्यावरून जी जुंपली आहे ती वाचून अपडेट तसंच लटकवून ठेवलंय. (भाव कुठे जाणार आणि 'क्रिप्टो म्हणजे जुगार' हे कृपया दुसऱ्या धाग्यावर.)

मला कळलेलं असं: ओपी रिटर्न नावाच्या खास आउटपुटमधून व्यवहाराला डेटा चिकटवता येतो. कोअर तो पुढे पाठवताना ८३ बाइटची डीफॉल्ट मर्यादा पाळायचं, ती ३० मध्ये थेट १,००,००० वर नेली. कोअरवाल्यांचं म्हणणं, लोक डेटा घुसवणारच. खोट्या पब्लिक की (नाणी ज्यांच्या नावे ठेवतात त्या किल्ल्या) बनवून घुसवला तर तो यूटीएक्सओच्या (अजून खर्च न झालेल्या नाण्यांच्या) यादीत कायमचा बसतो आणि प्रत्येक नोडला सांभाळावा लागतो. ओपी रिटर्नचं आउटपुट खर्चच होऊ शकत नाही, म्हणून ते त्या यादीत येत नाही. हे मला पटतं. पण विरोधकांचा रागही समजतो. २०२३ च्या सुरुवातीला ऑर्डिनल्स (साखळीत चित्रं वगैरे नोंदवायची पद्धत) आले तेव्हापासून साखळीत माकडांची चित्रं चाललीच आहेत, त्यात एवढ्या लोकांनी नको म्हटलेला बदल रेटून नेला तर 'यांचं ऐकतं कोण?' असं वाटणारच.

अडलंय ते इथे. नॉट्स (कोअरवरूनच बनवलेलं, कडक फिल्टर असलेलं सॉफ्टवेअर) घेतलं तर माझ्या डिस्कवर नको तो मजकूर यायचा थांबेल का? आणि बहुतांशी एकट्या ल्यूक डॅशज्युनियर यांच्या हातात असलेलं सॉफ्टवेअर सुरक्षेच्या दृष्टीने कितपत भरवशाचं? वॉलेटही याच मशीनवर आहे, म्हणून जास्त धाकधूक. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

डिस्कचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. फिल्टर म्हणजे तुमच्या घराचा उंबरठा, गावाची वेस नव्हे. नॉट्स असा मजकूर असलेला व्यवहार मेमपूलमध्ये (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांच्या साठ्यात) घेणार नाही, पुढे देणार नाही. पण कुणा माइनरने (ब्लॉक बनवणाऱ्याने) तो ब्लॉकमध्ये घातला की ब्लॉक वैध, आणि तुमच्याकडे तो उतरणारच. माइनरकडे थेट व्यवहार देण्याचीही सोय आहे, मॅरा या माइनिंग कंपनीचं स्लिपस्ट्रीम २०२४ पासून तेच करतं. शिवाय ऑर्डिनल्सची चित्रं ओपी रिटर्नमध्ये नसतातच. ती विटनेसमध्ये (व्यवहारातल्या सह्यांच्या भागात) असतात, जिथे बाइट चौपट स्वस्त पडतो. आक्षेपार्ह मजकूर साखळीत असल्याचं तर जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी २०१८ मध्येच दाखवलं होतं. जुने ब्लॉक नकोच असतील तर प्रूनिंग करा, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक डिस्कवरून पुसले जातात.

८३ चाच आग्रह असेल तर त्यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. कोअर ३० मध्येही कॉन्फिग फाइलीत डेटाकॅरिअरसाइझ ८३ लिहिता येतं.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण उंबरठ्याला अगदीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. पुरेशा नोडनी अडवलं तर स्पॅमवाल्याला वाकडी वाट धरावी लागते आणि ती महाग पडते. आणि माझ्या मेमपूलमध्ये काय ठेवायचं हे मीच ठरवणार, कोअर नव्हे.

सुरक्षेबद्दल मात्र डोळसपणे बघा. ल्यूक यांची पीजीपी की (डिजिटल सही करायची गुप्त किल्ली) चोरांच्या हाती लागल्याचं त्यांनीच जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. त्यांचे दोनशेहून जास्त बिटकॉइन गेले. कोअरला तपासणारे हात जास्त, तरी २०१८ मध्ये हवेतून नाणी तयार करता येतील असा दोष त्यात सापडलाच होता. आणि ३०.० व ३०.१ मध्ये जुनं वॉलेट नव्या प्रकारात नेताना, क्वचित का होईना, पण वॉलेटच्या फोल्डरातल्या फाइली पुसल्या जायच्या. तेव्हा घ्यायचंच तर ३०.२ किंवा पुढचं घ्या, आधी वॉलेट डॉट डॅटची (वॉलेटच्या फाइलीची) प्रत पेनड्राइव्हवर काढा, आणि काहीही उतरवलंत तरी हॅश (फाइलीचा ठसा) व प्रसिद्ध करणाऱ्यांच्या सह्या जुळवल्याशिवाय चालवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. मग ३०.२ घेतो आणि ८३ ठेवतो. वॉलेट २०१६ चं आहे, म्हणजे जुन्याच प्रकारातलं. ते या मशीनवर नव्या प्रकारात न्यावं, की नवीन वॉलेट काढून नाणी तिकडे पाठवून द्यावीत? दुसऱ्यात फी जाईल, पण फाइल पुसली जायची भीती तरी नाही. कुणी केलंय का असं?