गोंदण, टॅटू आणि आपली माणसं: तुमचे अनुभव लिहा

औसेकरीण:
मागच्या आठवड्यात सासूबाईंना लातूरला दवाखान्यात ठेवलं होतं. अंगातलं पाणी कमी झालेलं, सलाइन लावायचं होतं. सिस्टर नवीनच, असेल वीस-बावीसची. तिनं हात पालथा-उताणा केला, पट्टा बांधला, दोन चापट्या मारल्या आणि थांबलीच. मनगटापासून कोपरापर्यंत सगळा हात हिरवागार. "आज्जी, यातलं गोंदण कोणतं आन् शीर कोणती?" सासूबाई तेवढ्या तापातही म्हणाल्या, "जी ठणकंल ती शीर, माय." शेवटी सुई दुसऱ्या हाताच्या पंजावर लागली.

त्याच खोलीत माझी भाची बसली होती, पुण्यात शिकते. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, आणि उजवी बाही सारखी पंजापर्यंत ओढत होती. माझ्या लगेच लक्षात आलं. मनगटावर नवीन टॅटू, वरून पारदर्शक पट्टी. आम्ही काय म्हणू या भीतीनं झाकत होती बिचारी.

तिचं ते बाही ओढणं बघून मला माझी आजी आठवली. भाकरी थापताना तिच्या हातावरच्या तुळशीवर पीठ बसायचं आणि तुळस पांढरी व्हायची. हात धुतला की परत हिरवी. मी चुलीपाशी बसून तेवढ्यासाठीच बघत राहायचे. तीच मी सातवीत होते तेव्हा घरी मैत्रीण आली, शहरातली. मी आजीच्या कानात म्हणाले, "हात पदराखाली घे ना." तिनं घेतला. एक शब्द बोलली नाही. चाळीस वर्षं झाली, मला ते गिळवत नाही.

आपल्या आज्यांनी का गोंदवलं असेल? आताची पोरं का काढतात? तुम्हाला ते सुंदर दिसतं का? सासूबाईंच्या कोपराजवळ एक वाकडं पान आहे, बाकी नक्षीत कुठंच बसत नाही. इतकी वर्षं बघते, विचारलं कधीच नाही. तुमच्या घरातलं लिहा.

गोदाकाठ:
आमची आई (गंगाखेड) म्हणायची, दागिना चोर नेतो, लुगडं विरतं, गोंदण तेवढं मेल्यावर संग येतं. तिच्याकडं दागिना नव्हताच. ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या आधीच जोडवी सुद्धा मोडली होती. गोंदण मोडता येत नाही म्हणून राहिलं. सुंदर का म्हणता? मला तर तिच्या अंगावर तेवढंच सुंदर होतं.

परभणीची लेक:
गोंदणारीण सुगी झाल्यावर यायची. तीन सुया दोऱ्यानं घट्ट बांधलेल्या, करवंटीत दिव्याची काजळी खलवलेली. ज्याच्या घरी लेकुरवाळी असेल तिच्या अंगावरचं दूध त्यात घालायचे. वरून हळद-तेल. मजुरी म्हणून ज्वारी आणि एखादं जुनं लुगडं. पोरगी रडू नये म्हणून गाणं म्हणत टोचायची. माझ्या थोरल्या बहिणीचं मी समोर बसून पाहिलंय. चार दिवस ताप, मग खपली, खपली पडली की खालून असा गर्द रंग निघतो की बघत राहावं.

साधाच माणूस:
सगळे लई गोड बोलू लालेत म्हणून लिहितो. माझ्या आत्याला सातव्या वर्षी चार बायकांनी धरून गोंदवलं. एकीनं पाय धरले, एकीनं डोकं. तिनं मला म्हातारपणी सांगितलं तेव्हाही तिचा आवाज बदलला होता. तिला कोणी विचारलं नव्हतं काय पाहिजे म्हणून. 'गोंदवल्याशिवाय सासरी हातचं पाणी घेत नाहीत' एवढं बोलून विषय संपवला. आताच्या पोरीला आवडो न आवडो, ती स्वतःच्या पैशानं स्वतःच्या मर्जीनं काढते. मला ते वाघाचे जबडे आणि कवट्या अजिबात सुंदर दिसत नाहीत, पण हा फरक मोठा आहे.

औसेकरीण:
दादा, बरं झालं लिहिलंत. हे मी विसरलेच होते. आमच्या सासूबाईपण कधी हसून सांगत नाहीत तो प्रसंग.

हिरवी चोळी:
सातव्या वर्षी 😢

तेरणाकाठ:
आमचं गाव किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे झोपलेले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी त्यांच्या बहिणीला मनगटावरच्या विंचवावरून ओळखलं. बाकी काही ओळखू येत नव्हतं.
मला गोंदण सुंदर वाटतं की नाही हे सांगता येत नाही. विंचू दिसला की मी बघत राहतो एवढंच.

गोदाकाठ:
भाऊ, काय लिहावं सुचत नाही. आम्ही त्या पहाटे परभणीत अंगणात येऊन बसलो होतो, भांडी वाजली होती मांडणीवरची.

परभणीची लेक:
🙏 आमच्याकडंपण लोक भाकऱ्या बांधून ट्रकनं गेले होते तिकडं.

तांड्यावरची मास्तरीण:
मी मुखेड तालुक्यातली, गोरमाटी म्हणजे बंजारा. माझ्या आजीच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यात ठिपके आणि हातावर एक नक्षी. आई-बाप ऊसतोडीला जायचे, सहा महिने मी आजीपाशी. रात्री झोप येईना की मी तिच्या हातावरचे ठिपके मोजायचे. पंचवीसच्या पुढं गेलेच नाही कधी, झोपच लागायची.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात तीच नक्षी माझ्या हातावर काढायची ठरवली. आजीला घेऊन नांदेडला गेले. टॅटूवाल्या पोरानं तिच्या हातावर ट्रेसिंगचा कागद ठेवला, पण पन्नास-साठ वर्षांत रेघा पसरल्या होत्या, दोन ठिपक्यांचा एक झाला होता. तो म्हणाला, आज्जी, मुळात कसं होतं? आजीला बोलून सांगता येईना. तिनं टेबलावर थोडी पावडर सांडली होती त्यात बोटानं काढून दाखवलं. एकदाही बोट न उचलता. आम्ही दोघं बघतच राहिलो. पोरानं मोबाईलवर फोटो काढला आणि त्यावरून माझ्या हातावर उतरवलं.

आजी गेली मागच्या वर्षी. ठिपके सत्तावीस आहेत.

हिरवी चोळी:
वाचून काटा आला अंगावर. ताई फोटो टाका ना.

तांड्यावरची मास्तरीण:
नको ग, राहू दे.

रक्तपेढीतला:
(जालना) माझ्या कामाचं बोलतो. रक्तदान शिबिरात दर वेळी दोन-तीन पोरं परत पाठवावी लागतात. टॅटू काढल्यापासून वर्षभर रक्त घेत नाहीत. कारण सुई दूषित असेल तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही जातो, आणि सुरुवातीला तपासणीत सापडेलच असं नसतं. पोरं हिरमुसतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. जत्रेत बॅटरीच्या मशीनवर एकाच सुईनं दहा जणांना करतात तिथं हात देऊ नका. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, शाई छोट्या टोपणात नवीन ओतली पाहिजे, उरलेली फेकली पाहिजे. विचारायला लाजू नका.

पैठणी नव्हे पैठणची:
दादा एक विचारू? काजळी काळी असते मग आजीचं गोंदण हिरवं-निळं का दिसतं?

रक्तपेढीतला:
काजळीच असते ती, बदलत नाही. ती कातडीच्या वरच्या थरात नसून खालच्या थरात असते. वरची कातडी रोज झडते, खालची नाही, म्हणून टिकतं. आणि वरच्या कातडीतून बघताना प्रकाशातला निळा भाग जास्त उधळून परत येतो, म्हणून काळं आपल्याला निळसर-हिरवं दिसतं. शीर निळी दिसते त्यातही थोडं असंच आहे. त्या सिस्टरची चूक नव्हती 🙂
अजून एक. रंग आपल्याच पेशी गिळून बसतात. त्या मेल्या की रंग सुटतो आणि नव्या पेशी तो परत गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवलं. म्हणजे पेशी मरत राहतात आणि रंग एकीकडून दुसरीकडं दिला जातो. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

पैठणी नव्हे पैठणची:
म्हणजे आजीचं शरीर पन्नास वर्षं ती तुळस हातोहात देत होतं!

मिलिंदचा विद्यार्थी:
बाबांच्या मनगटावर 'जय भीम' आहे. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन बाबासाहेबांचं नाव लागलं, त्याच आठवड्यात गुलमंडीजवळ रस्त्यावर बसणाऱ्याकडून गोंदवून घेतलं. सोळा वर्षांची लढाई होती ती, बाबांनी त्यात लाठ्या खाल्ल्या. गोंदणारा शिकलेला नव्हता, 'भी'ची वेलांटी उलटी काढली आणि मग दुरुस्त केली, त्यामुळं तिथं गाठ झालीय रेघांची. मी म्हणालो, बाबा, लेझरनं नीट करून घेऊ. म्हणाले, "हात लावू नको त्याला." माझ्या डोळ्यांना जगातलं सगळ्यात देखणं अक्षर तेच आहे.

शिवनेरीचा पाईक:
जय भीम दादा 🙏 जय शिवराय. मी बीडचा, भरतीची तयारी करतो. मला छातीवर महाराज काढायचे होते, पैसेपण साठवले होते. अकॅडमीतल्या सरांनी थांबवलं. सैन्यात कायमचा टॅटू फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. आदिवासी समाजातल्या मुलांना त्यांच्या रूढीप्रमाणं सवलत आहे. दंडावर, छातीवर, मानेवर असेल तर बाहेर. भरतीची तयारी करणाऱ्या भावांनी आधी नियम वाचा. महाराज मनात आहेतच, वर्दी मिळाली की बघू.

गोदाकाठ:
पळतो का रोज? सोळाशे मीटर किती?

शिवनेरीचा पाईक:
साडेपाच मिनिटं काका. उन्हाळ्यात पहाटे चारला उठतो.

गोदाकाठ:
लिंबू-मीठ-साखर पाणी घे पळून आल्यावर. शाब्बास.

तीन ठिपके:
माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत, वय ५६. आईनं हौसेनं गोंदवले. अंबाजोगाईला कॉलेजात होते तेव्हा पोरी मागून काय बोलायच्या ते ऐकू यायचं. तीन वर्षं पावडर लावून झाकले. नोकरीत लागल्यावर पावडर बंद केली, कंटाळा आला म्हणून.
मागच्या वर्षी मुलीचं लग्न झालं. अल्बम आला तर सगळ्या फोटोंत माझी हनुवटी कोरी. फोटोग्राफरनं डाग समजून पुसून टाकले होते. तो म्हणाला, काकू, वय कमी दिसतंय बघा. मी अल्बम परत केला. बायको, आई, बहीण कुणालाच ओळखीची वाटत नव्हते मी त्यात, माझ्या मुलीनं तर पहिल्यांदा "ही कोण?" असंच विचारलं. आईनं दिलेलं तेवढंच चेहऱ्यावर शिल्लक आहे. सगळी पानं पुन्हा छापून घेतली.

पैठणी नव्हे पैठणची:
काकू 👏👏 (बायको कुणाची ओ? 😄)

तीन ठिपके:
नातेवाइकांच्या बायका म्हणायचं होतं ग, फोनवर घाईत लिहिलं. कुकर लावलाय.

हिरवी चोळी:
आमच्या आजीच्या कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण. आजोबा गेले तेव्हा बायकांनी कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि मग कपाळाकडं बघून कुजबुज सुरू झाली, हे कसं ठेवायचं म्हणून. आजी रडत होती, रडता रडता मान वर करून म्हणाली, "हे त्येंच्या आदीचं हाय. माज्या मायीनं दिलंय." पुढं कुणी बोललं नाही.

उंबऱ्याबाहेर:
नाव नाही लिहीत. मी एकोणिसाव्या वर्षी एकाचं नाव मनगटावर काढलं होतं. लग्न दुसरीकडं झालं. संभाजीनगरला लेझर करून घेतलं, सहा वेळा जावं लागलं. रबर ताणून मारल्यासारखा चटका बसतो. काळी शाई जाते, त्याला त्या वेळी हौसेनं हिरवी पानं काढली होती ती अजून फिकट राहिलीत. डॉक्टर म्हणाले हिरवा-पिवळा लवकर निघत नाही. नवऱ्याला सगळं माहीत आहे. तो म्हणतो पानं राहू दे, पानानं काय होतंय.

औसेकरीण:
चांगला माणूस आहे ग.

साधाच माणूस:
नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

परभणीची लेक:
माळेगावच्या यात्रेला कोण कोण येतंय यंदा? तिथं पूर्वी गोंदणाऱ्या बायका ओळीनं बसायच्या. घोडे बघायला लेकरं हट्ट करतात.

तांड्यावरची मास्तरीण:
आम्ही येणार. आमच्याकडून जवळच आहे. मार्गशीर्षात थंडी असते, पांघरूण घेऊन या.

गोदाकाठ:
हुरडा पार्टी करा वाटेत, आमच्या शेतात थांबा. दगडी ज्वारी पेरली आहे. शेंगदाण्याची चटणी मी आणतो.

हिरवी चोळी:
ताई, सासूबाई कशा आहेत आता? मुद्द्याचं राहिलंच.

औसेकरीण:
बऱ्या आहेत. काल घरी आणलं. भाकरी मागितली म्हणजे बऱ्याच.

भाचीनं शेवटी स्वतःच बाही वर केली त्यांच्यासमोर. छोटी तुळस आहे, कुंडीतली. सासूबाईंनी तिचं मनगट डोळ्याजवळ नेऊन पाहिलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं, दुखलं का विचारलं, आणि म्हणाल्या, "मंजिऱ्या न्हाई काढल्या?" आता भाची पुढच्या महिन्यात मंजिऱ्या काढून घेणार आहे.

आणि मी विचारलं त्यांना त्या वाकड्या पानाचं. इतकी वर्षं मला वाटायचं काही नवस असेल, कुणी गेलेलं असेल. म्हणाल्या, "म्या हात हिसडला. सुई सरकली. लांब रेघ उठली. गोंदणारीण म्हनली, रडू नको बाई, ह्येचं पान करते." आणि केलं.

साधाच माणूस, तुमच्या आत्याचं वाचून दाखवलं त्यांना. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मला तिघींनी धरलं होतं.

जाते, त्यांची गोळीची वेळ झाली.