टाकी धुण्याची सूचना आणि उरलेल्या गोळ्या

सचिव: ए विंगमधील चार घरांत कालपासून जुलाबाचा त्रास सुरू झाल्यामुळे गच्चीवरची टाकी आज रिकामी करून धुतली जात आहे. पुढील सूचनेपर्यंत सर्वांनी पाणी उकळूनच प्यावे.

बी १०४: आमच्याकडे गेल्या वेळच्या सिप्रोफ्लॉक्सासिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाच्या सहा गोळ्या शिल्लक आहेत. ह्यांना तेव्हा दोन गोळ्यांतच उतार पडला होता, त्यामुळे कोणाला हव्या असल्यास निःसंकोच सांगावे.

ए ५०१: वहिनी, तुमची तळमळ समजते, पण त्या गोळ्या कृपया कोणालाही देऊ नका. पाण्यासारखे जुलाब पुष्कळदा विषाणूंमुळे होतात आणि दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. श्रेय मात्र गोळीला मिळते. रक्ताची आव करणाऱ्या शिगेला जिवाणूंवर एके काळी नॅलिडिक्सिक ॲसिड हे औषध चालत असे, पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आले, आणि आता त्या गटातील औषधांना दाद न देणारे शिगेला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या चिंताजनक जिवाणूंच्या यादीत आहेत.

बी २०२: ताई, पण कोर्स पूर्ण केला तर धोका टळतो ना?

ए ५०१: गरज नसताना घेतलेल्या औषधाचा कोर्स पूर्ण केल्याने काहीच साधत नाही. आपल्या आतड्यात एरवी निरुपद्रवी असलेले इ. कोलाय नावाचे जिवाणू असतात, औषधाने त्यांतले दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि हा चिवटपणा ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. जपानमध्ये १९५९ साली इ. कोलायकडून शिगेलाकडे चार-चार औषधांविरुद्धची ताकद अशीच जाताना प्रयोगशाळेत दिसली होती. मी स्वतः अनेक वर्षे शौचाचे नमुने तपासले आहेत, म्हणून इतके कळकळीने लिहिते आहे.

जीव वाचतो तो ओआरएसने. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे द्रावण पाजायला लावले आणि तिथले मृत्यू झपाट्याने घटले. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे व चोवीस तासांत संपवावे.

ए ३०४: आमच्या आजींच्या शौचात सकाळपासून रक्त दिसत आहे आणि तापही आहे. अजून कोणतीही गोळी दिलेली नाही.

ए ५०१: मग त्यांना आत्ताच डॉक्टरांकडे न्या आणि पहिली गोळी देण्याआधी कल्चरसाठी (जिवाणू वाढवून तपासण्यासाठी) शौचाचा नमुना घेता येईल का, हे त्यांना विचारा.

सचिव: रिक्षा गेटवर बोलावली आहे.