'कम ऑन ओव्हर'मधून फिडल काढले, तर कंट्री किती उरते?

वाटसरू
शनाया ट्वेन या कॅनेडियन गायिकेचा 'कम ऑन ओव्हर' हा अल्बम ४ नोव्हेंबर १९९७ रोजी आला. एकट्या अमेरिकेत त्याला २ कोटी प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले, जगभरातला खप ४ कोटींच्या घरात सांगितला जातो आणि १६ गाण्यांपैकी १२ गाणी सिंगल म्हणून स्वतंत्रपणे बाजारात उतरली. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेली गायकी. त्या अल्बमांच्या यादीत तो ५० आठवडे पहिला होता, 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या मुख्य यादीत मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या वर कधीच चढला नाही, ही गंमत वेगळीच. एवढे असूनही या अल्बमचे नाव निघाले की कंट्रीचे जुने रसिक नाक मुरडतात आणि 'हे पॉप आहे, टोपी फक्त कंट्रीची घातली आहे' असे म्हणतात.

मला हा आक्षेप इतिहासाला धरून वाटत नाही. कंट्री गायकीच्या मूळपुरुषांपैकी एक असलेल्या जिमी रॉजर्सने १९३० साली लुई आर्मस्ट्राँगच्या ट्रम्पेटच्या साथीने ध्वनिमुद्रण केले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या नॅशव्हिलच्या (टेनेसी राज्यातल्या, कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या शहराच्या) निर्मात्यांनी तर फिडल (लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेले व्हायोलिन) आणि स्टील गिटार (तारांवर धातूची पट्टी सरकवून वाजवायची गिटार) मागे सारून वाद्यवृंदातल्या व्हायोलिनांचा ताफा आणि मागे गाणारा कोरस पुढे आणला, कारण रॉक अँड रोलपुढे कंट्रीचे श्रोते गळू लागले होते. त्याच साच्यातून पॅट्सी क्लाइन या कंट्री गायिकेची गाणी आली, आणि आज तिला कोणी बाटगी म्हणत नाही. मग हा न्याय शनायालाच का लावायचा?

तंबोरा
वाटसरूंनी दिलेले दाखले खरे आहेत, पण ते मूळ मुद्द्याला बगल देतात. प्रश्न बाहेरचे वाद्य आत आले का, हा नाही. 'कम ऑन ओव्हर' एकदा अमेरिकेतल्या कंट्री श्रोत्यांसाठी निघाला, आणि पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, इतर देशांसाठी त्याचे वेगळे मिक्स तयार झाले. त्यात फिडल आणि पेडल स्टील गिटारचा आवाज उतरवून त्या जागी पॉपचा साज चढवला गेला, गाण्यांचा क्रमही बदलला. गायिका तीच, चाल तीच, शब्द तेच. याचा अर्थ, कंट्री ही या गाण्यांची प्रकृती नव्हती, ती गिऱ्हाईक पाहून चढवण्याची किंवा उतरवण्याची गोष्ट होती. पुरणपोळीतून पुरण काढल्यावर जी उरते ती पोळी वाईट नसते, पण तिला पुरणपोळी म्हणून वाढू नये.

निर्माता रॉबर्ट जॉन ऊर्फ 'मट' लँग हा एसी/डीसी आणि डेफ लेपर्ड या रॉक बँडचे अल्बम घडवणारा माणूस. स्टेडियम दणाणून सोडणारा आवाज कसा रचायचा, हे त्याला पुरते ठाऊक होते, आणि त्याने तेच केले. यश हवे तर गाण्याची कड घासून गुळगुळीत करावीच लागते, असेही नाही. कंट्री गायक विली नेल्सनने १९७५ साली 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम टेक्सासमधल्या गारलंड येथे इतक्या थोड्या वाद्यांवर मुद्रित केला, की कंपनीतल्या अधिकाऱ्यांना तो कच्चा नमुना वाटला. तरीही तो लाखांनी खपला.

केतकी
तंबोरा, तुमची पुरणपोळी मला मान्य आहे, फक्त फिडल म्हणजे पुरण हे मान्य नाही. फिडल हे वरचे तूप आहे. पुरण आहे ते गाणे कोण सांगते आहे आणि कशाबद्दल सांगते आहे, यात.

'हनी, आयॅम होम' हे गाणे पाहा. दिवसभर कामावर शिणून घरी आलेली बाई दारातूनच नवऱ्याला सांगते, की माझे पाय चेप, काहीतरी थंड प्यायला आण. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषाच्या तोंडी असलेले वाक्य तिने सहज उचलून स्वतःच्या तोंडी घातले आहे आणि त्यावर कुठलेही भाषण दिलेले नाही. याच अल्बमवर 'ब्लॅक आइज, ब्लू टिअर्स' आहे. मारहाण सोसणारी स्त्री घर सोडण्याचा निर्णय घेते, असे ते गाणे, आणि लहानपणी घरातली हिंसा पाहिल्याचे ट्वेनने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. १९८७ साली आईवडील मोटार अपघातात गेल्यावर तिने ऑन्टारिओतल्या एका रिसॉर्टमध्ये रोज रात्री गाऊन धाकट्या भावंडांना सांभाळले. कंट्री गायिका लोरेटा लिनचे संततिनियमनाच्या गोळीवरचे गाणे १९७५ साली कित्येक रेडिओ केंद्रांनी वाजवायचे नाकारले होते. शनायाची गाणी मला त्याच घराण्यातली वाटतात. ती घासूनपुसून सादर केली आहेत, एवढाच फरक.

तंबोरा
केतकीताई, शब्दांच्या बाबतीत मी माघार घेतो. लोरेटा लिनशी असलेले नाते माझ्या लक्षात आले नव्हते. परंतु मग पुढचा प्रश्न उरतोच. नॅशव्हिलने या अल्बमपासून नेमके काय घेतले? माझ्या मते त्यांनी चकाकी ठेवली आणि बाई काढून टाकली. २०१५ साली एका रेडिओ सल्लागाराने कंट्री केंद्रांना उघडपणे सल्ला दिला होता, की गायिकांची गाणी लागोपाठ लावू नका, पुरुष गायक हे सॅलडमधला पाला आणि गायिका त्यातले टोमॅटो. इतिहासातला सर्वाधिक खपाचा कंट्री अल्बम एका बाईच्या नावावर असताना हे बोलले गेले.

वाटसरू
हा दोष रेडिओचा आहे, तो अल्बमच्या माथी कसा मारता येईल? उलट तुमचेच उदाहरण सांगते, की श्रोत्यांना गायिका नकोशा असतात हे रेडिओवाल्यांचे गणित १९९७ सालीच खोटे ठरले होते.

रात्रपाळी
मी इतका वेळ नुसता वाचत होतो. तंबोरांच्या मूळ आक्षेपाला खरे उत्तर शनायानेच २००२ साली 'अप!' या पुढच्या अल्बममध्ये दिले, पण त्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही. तीच गाणी तिने तीन रंगांच्या तबकड्यांवर काढली. लाल म्हणजे पॉप, हिरवी म्हणजे कंट्री, आणि निळी भारतीय धाटणीची. निळीचा साज सायमन आणि डायमंड दुग्गल या बर्मिंगहॅमच्या भावांनी चढवला होता. अमेरिकेत लालबरोबर हिरवी मिळे, बाहेरच्या देशांत लालबरोबर निळी. म्हणजे 'कम ऑन ओव्हर'च्या वेळी जे देशागणिक गुपचूप केले, ते इथे वेष्टनावर छापून विकले. यात ढोंग आहे असे म्हणणाऱ्यांनी निळ्या तबकडीवरचा ढोलक एकदा ऐकावा. मला तो अजिबात आवडला नाही, परंतु त्याच्या ठेक्याखालीही ती बाई, जिथे लहानाची मोठी झाली त्या टिमिन्सचीच राहते.

तंबोरा
टिमिन्स हे कॅनडातले खाणकामगारांचे गाव आहे, टेनेसीतले नव्हे. पण हिरवी तबकडी शोधतो.